टोमॅटोच्या झाडाला दोन खोडांचे वळण

टोमॅटोचे झाड मुळात आपल्या पायावर ताठ उभे राहणारे नाही. दक्षिण अमेरिकेतील त्याच्या मूळ जाती जमिनीवर पसरून वाढतात आणि खोड जिथे ओल्या मातीला टेकते तिथे त्याला नव्या मुळ्या फुटतात. झाडाच्या दृष्टीने ही सोयच आहे. परंतु आपल्याला झाड पसरवायचे नसून फळ विकायचे असते, आणि मातीला टेकलेल्या फळाला बाजारात कोणी विचारत नाही. कळंबपासून उमरखेडपर्यंत विहिरीच्या पाण्यावर दहा-वीस गुंठे भाजीपाला करणारे कास्तकार आपल्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. परतीचा पाऊस लांबला की जमिनीवर लोळणाऱ्या टोमॅटोची खालची फळे कशी सडतात, हे त्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही. कपाशी आणि सोयाबीनचा पैसा हाती येण्यापूर्वी आठवड्याचा खर्च भागविणारे हे पीक आहे. त्यातील चौथा हिस्सा बांधावर फेकावा लागला तर नफ्याचाच भाग गेला असे समजावे.

यावर आधार देणे हा उपाय आता बहुतेकांना पटलेला आहे. मात्र आधार दिल्यानंतर झाडावर किती खोडे ठेवावीत, याबाबत गोंधळ दिसतो. काही शेतकरी एकही फूट काढत नाहीत. तारेवर झुडपाचा गठ्ठा बांधल्यासारखा दिसतो. काही जण नारायणगाव किंवा नाशिककडील प्लॉट पाहून येतात आणि दिसेल ती फूट खुडून टाकतात. फेब्रुवारीच्या उन्हात त्यांची फळे भाजून निघतात. आपल्या हवामानात, काळ्या जमिनीत आणि घरच्या मजुरीवर अनियंत्रित वाढीच्या वाणांना दोन खोडांचे वळण सर्वांत सोयीचे पडते, असे आमचे मत आहे. ते का आणि कसे, हे या लेखात पाहू.

आधी वाण ओळखा

दोन खोडांचे वळण सर्व वाणांना चालत नाही. ही गोष्ट प्रथम लक्षात घ्यावी, कारण इथे चूक झाली तर पुढील सर्व मेहनत उलटी पडते.

टोमॅटोच्या वाणांचे वाढीनुसार ढोबळ प्रकार तीन. अनियंत्रित वाढीच्या वाणाचा शेंडा थांबत नाही. सात ते अकरा पानांनंतर पहिला फुलांचा घोस येतो आणि पुढे दर तीन पानांनंतर एक घोस, असा क्रम हवामान साथ देईल तोपर्यंत चालू राहतो. पुसा रूबी हा या प्रकारातील जुना, सर्वांच्या माहितीचा वाण. नियंत्रित वाढीच्या, म्हणजे झुडपी वाणात घोस एक-दोन पानांच्या अंतराने येतात आणि शेवटी शेंड्यावरच घोस येऊन त्या खोडाची वाढ संपते. रोमा या प्रकारचा आहे. हा गुण १९१४ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात एका झाडावर आपोआप उद्भवलेला आढळला आणि आज जगभर एकदम काढणीस येणारे जे वाण आहेत, त्यांच्या मागे तोच आहे. तिसरा प्रकार मधला. अर्का विकास, अर्का सौरभ आणि पानावरील बोकड्या, जिवाणूजन्य मर व लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांना प्रतिकारक असलेला अर्का रक्षक हा संकरित वाण या मधल्या गटात मोडतात. हे तिन्ही वाण बेंगळुरू येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे आहेत.

झुडपी वाणाच्या बगलफुटी काढल्या तर उत्पन्नच काढून टाकल्यासारखे होते. कारण त्याचे मुख्य खोड लवकर थांबते आणि बहुतेक फळ बगलफुटींवरच लागते. अशा वाणाच्या फक्त पहिल्या घोसाखालील, जमिनीलगतच्या फुटी काढाव्यात. तेही करताना घोसाच्या लगेच खालची फूट राहू द्यावी. बाकी झाडाला हात लावू नये. मधल्या गटातील वाणावर तीन-चार खोडे ठेवण्यास हरकत नाही. दोन खोडांचे नेमके वळण द्यायचे ते अनियंत्रित वाणालाच.

बियाण्याच्या पाकिटावर वाढीचा प्रकार छापलेला नसेल तर विक्रेत्याच्या सांगण्यावर विसंबू नका. झाडावर दुसरा घोस दिसू लागला की पहिल्या व दुसऱ्या घोसामधील पाने मोजा. तीन भरली तर वाण अनियंत्रित. एक किंवा दोनच भरली तर कात्री खिशातच राहू द्या.

कोणती फूट राखावी

टोमॅटोच्या प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक डोळा असतो. तो फुटला की बगलफूट तयार होते. ग्रामीण भागात तिला पिल म्हणतात. तिला वाढू दिले तर ती स्वतंत्र खोड होते. तिलाही घोस येतात, तिच्याही पानांच्या बेचक्यांतून पुन्हा पिले निघतात. एकही फूट न काढलेले झाड दोन महिन्यांत हात घालता येणार नाही इतके दाट होते, त्याचे कारण हेच.

या सर्व फुटींची ताकद सारखी नसते. पहिल्या घोसाच्या लगेच खाली जे पान असते, त्याच्या बेचक्यातील फूट सर्वांत जोमदार असते. तीच दुसरे खोड म्हणून राखावी. खाली जमिनीजवळ निघालेली फूट आधी दिसते, म्हणून ती राखण्याचा मोह होतो. परंतु तिचा पहिला घोस उशिरा येतो, फांदी जमिनीलगत असल्याने चिखल उडतो आणि बेचका रुंद असल्यामुळे ओझ्याने ती फाटते. घोसाखालची फूट मात्र मुख्य खोडाबरोबर उभी वाढते आणि काही दिवसांत त्याच्या जोडीला येते.

म्हणजे काम असे. पहिला घोस स्पष्ट दिसेपर्यंत झाडाला हात लावू नये. घोस दिसला की त्याखालची जोमदार फूट ओळखावी, तिच्याभोवती वाटल्यास सुतळीचा लहानसा तुकडा सैल बांधून खूण करावी, आणि तिच्याखालील सर्व फुटी काढाव्यात. पहिल्यांदा मजूर लावताना ही खूण फार उपयोगी पडते. घाईत राखायचीच फूट खुडली जाते, असे पुष्कळदा घडते. तसे झालेच तर त्याच्या खालच्या बेचक्यातील पुढील फूट धरावी. यानंतर दोन्ही खोडांवर जी नवी पिले येतील ती दर सात-आठ दिवसांनी काढत राहावीत.

पिल दोन ते चार इंच लांब असतानाच काढावे. अंगठा आणि तर्जनीत धरून आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला वाकविले की ते बेचक्यातून अलगद सुटते, जखम लहान राहते आणि लवकर वाळते. त्यापेक्षा मोठे झालेले पिल ओढून काढू नये. खोडाची साल सोलून निघते. पंधरा दिवस शेतात जाणे झाले नाही आणि पिल हातभर वाढले, तर त्याची एक-दोन पाने ठेवून फक्त शेंडा खुडावा. राहिलेली पाने फळांवर सावली धरतात. काम सकाळी दव वाळल्यानंतर करावे. ओल्या झाडाला हात लावला की करपा आणि जिवाणूजन्य ठिपक्यांचे रोग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर आपणच पोहोचवितो.

एक, दोन की तीन

शेतात झाडे किती, यापेक्षा एका क्षेत्रात खोडे किती उभी आहेत हे महत्त्वाचे. वीस गुंठे म्हणजे सुमारे २१,७८० चौरस फूट. चार फुटांवर ओळी आणि ओळीत एका फुटावर झाड धरले तर ५,४४५ रोपे लागतात आणि प्रत्येकावर एक खोड ठेवल्यास खोडेही तेवढीच. ओळीत दोन फुटांवर झाड लावून प्रत्येकावर दोन खोडे ठेवली तर रोपे २,७२२ लागतात आणि खोडे जवळपास तेवढीच उभी राहतात. संकरित बियाण्याचे किंवा रोपवाटिकेतून आणलेल्या रोपांचे दर पाहता निम्मी रोपे वाचणे ही लहान गोष्ट नाही. शिवाय एका झाडाला जमीन दुप्पट मिळते, मुळ्या पसरतात आणि एखादी पाण्याची पाळी चुकली तर झाड ती सहन करते. रात्रीच्या विजेवर ओलीत करणाऱ्यांना याचे महत्त्व कळेल.

एका खोडाचे झाड काही दिवस आधी तोडणीस येते आणि फळ मोठे देते, हे खरे. हरितगृहात, जिथे पाणी, खत आणि ऊन माणसाच्या हाती असते, तिथे ते शोभते. उघड्या रानात एक खोड ठेवले की पाने कमी, आणि पाने कमी तर फळावर छत्र नाही. तीन खोडांचे झाडही वाईट नसते. ज्याला आठवड्याला पिले काढणे जमत नाही त्याने तीनच ठेवावीत. मात्र तेव्हा ओळीतील अंतर अडीच ते तीन फूट करावे, नाहीतर मध्ये हवा खेळत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. फूट काढल्याने झाडावरील फळांची संख्या कमी होते. एकूण वजनात न छाटलेले पण आधार दिलेले झाड पुष्कळदा पुढे असते. दोन खोडांच्या झाडाचा फायदा फळाचा आकार, स्वच्छपणा, तोडणीची सोय आणि फवारा पानाच्या आतपर्यंत पोहोचणे यात आहे. म्हणून गावच्या आठवडी बाजारात लहान-मोठे एका ढिगात विकणाऱ्याला याचा जेवढा लाभ होईल, त्यापेक्षा निवडलेला माल क्रेटमध्ये भरून नागपूरच्या कळमना बाजारात, अमरावतीला किंवा उमरखेडकडून नांदेडला पाठविणाऱ्याला अधिक होईल.

आधार उभा करणे

लागवडीनंतर पंधरा ते वीस दिवसांत आधार उभा झाला पाहिजे. उशिरा खांब रोवले तर मुळ्या तुटतात आणि आडवे झालेले खोड उभे करताना मोडते.

दोन खोडांसाठी वरची तार आणि खाली सोडलेली सुतळी ही पद्धत आम्हास सरस वाटते. ओळीत दर दहा फुटांवर सात फूट लांबीचा बांबू दीड ते दोन फूट खोल रोवावा. जमिनीपासून पाच फुटांवर १६ गेजची जस्ताचा मुलामा दिलेली तार ओढावी आणि दुसरी तार जमिनीपासून अर्ध्या फुटावर घ्यावी. वीस गुंठ्यांत चार फुटांच्या ओळींची एकूण लांबी सुमारे १,६६० मीटर भरते. या गेजच्या एक किलो तारेत साधारण ६० मीटर लांबी बसते. म्हणजे एका पदराला २७-२८ किलो, दोन पदरांना ५५ किलोंच्या आसपास तार हवी. बांबू सुमारे साडेपाचशे. हा आकडा पाहून दचकू नये. तार चांगली जपली तर अनेक हंगाम चालते. परंतु पहिल्या वर्षी वीस गुंठ्यांऐवजी पाचच गुंठ्यांवर हे करून पाहणे शहाणपणाचे.

आपल्या काळ्या जमिनीत एक वेगळी अडचण येते. ही माती भिजली की फुगते, वाळली की आक्रसते आणि भेगा पडतात. ऑक्टोबरमध्ये घट्ट रोवलेला खांब डिसेंबरात हलू लागतो. शंभर फुटांच्या ओळीत दोन फुटांवर पन्नास झाडे असतात. प्रत्येकावर एका वेळी चार किलो पाला आणि फळ धरले तरी तारेवर दोनशे किलोंचे ओझे येते आणि ते सगळे शेवटच्या दोन खांबांना आत ओढते. म्हणून टोकाचे खांब बांबूचे न ठेवता जाड लाकडी घ्यावेत, बाहेरच्या बाजूस थोडे कलते रोवावेत, आणि त्यांच्यामागे तीन-चार फुटांवर मेख ठोकून किंवा मोठा दगड पुरून तारेने ताण द्यावा. खड्डा सब्बलीने घेऊन खांबाभोवती काळी माती भरण्याऐवजी मुरूम आणि दगडगोटे ठासावेत. ताण सैल पडला की महिन्यातून एकदा पुन्हा पिळावा. खांबाच्या बुडाला उधई लागते. जमिनीत जाणाऱ्या भागाला आणि त्यावर अर्ध्या फुटापर्यंत डांबर फासून घ्यावे.

बांबू विकत घ्यावा लागतो, म्हणून बरेच जण मागे सरतात. ज्यांच्याकडे बांधावर किंवा नाल्याकाठी जागा आहे त्यांनी चार-दोन बेटे लावून ठेवावीत. २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे स्वतःच्या रानातील बांबूबद्दल पूर्वीची धास्ती राहिलेली नाही. तुरीच्या जाड तुराट्या झुडपी वाणाला आधार म्हणून चालतात. दोन खोडांच्या उंच झाडाला त्या पुरत नाहीत. पऱ्हाटी मात्र कोणत्याही टोमॅटोला वापरू नये. ती मोडते हे एक, आणि पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामासाठी दबा धरून असते हे दुसरे. कपाशीची उलंगवाडी झाली की पऱ्हाटी शेताबाहेर काढायची, असे आपण ठरवतो आणि मग तीच टोमॅटोत आणून रोवायची, याला काही अर्थ नाही.

खोड बांधण्याची रीत

प्रत्येक झाडासाठी दोन सुतळ्या घ्याव्यात. दोन्हींची खालची टोके झाडाजवळ खालच्या तारेला बांधावीत आणि वरची टोके वरच्या तारेवर एकमेकांपासून एक फूट अंतरावर बांधावीत. झाडे दोन फुटांवर असल्याने पूर्ण ओळीत दर फुटाला एक खोड उभे राहते आणि ऊन सर्वांना सारखे मिळते. वरच्या गाठीजवळ हातभर सुतळी जादा सोडावी, म्हणजे पुढे ओझ्याने तार खाली आली तर सुतळी ताणता येते.

खोड सुतळीभोवती गुंडाळत न्यावे, सुतळी खोडाभोवती नाही. पिळा सर्व शेतात एकाच दिशेने द्यावा; नाहीतर एक मजूर उजवीकडे फिरवतो, पुढच्या आठवड्यात दुसरा डावीकडे आणि खोड मोडते. हे काम दुपारी करणे बरे, कारण सकाळी पाण्याने तट्ट भरलेला शेंडा कटकन तुटतो. म्हणजे सकाळी पिले काढणे, दुपारी खोड वळवणे असा क्रम बसतो. गाठ मारायचीच असेल तर खोड आणि सुतळी यांच्यामध्ये इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फेर घ्यावा आणि आत बोट सहज जाईल इतकी जागा ठेवावी. खोड पुढे जाड होते, आज बरोबर वाटणारी गाठ महिन्याने गळफास होते. गाठ पानाच्या खाली यावी, घोसाच्या खाली नव्हे. फळांचे वजन वाढले की घोसाचा देठ सुतळीवर चिरतो.

दोन खोडे जिथून वेगळी होतात तो बेचका या वळणातील सर्वांत नाजूक भाग. दोन्हीकडे घोस भरले आणि वारा सुटला की तो उभा फाटतो. बेचक्याच्या वर चार बोटांवर दोन्ही खोडांना एकत्र घेणारा एक सैल फेर द्यावा. एवढ्याने पुढचे मोठे नुकसान टळते. फाटलेच आणि साल अर्धी शाबूत असेल तर भाग जुळवून कापडाच्या पट्टीने बांधावा. टोमॅटोचे खोड पुष्कळदा सांधते.

हात, खर्रा आणि रोग

पिले काढण्याचे काम हाताने होते आणि दिवसाला शेकडो झाडांना एकच हात लागतो. तंबाखू मोझॅक आणि टोमॅटो मोझॅक हे विषाणू रसातून पसरतात. तंबाखू मोझॅकचा विषाणू वाळलेल्या तंबाखूतही जिवंत राहतो, म्हणून खर्रा घोटलेला हात तसाच झाडाला लावणे हा रोग पसरविण्याचा सोपा मार्ग ठरतो. आपल्या भागात ही गोष्ट हसण्यावारी नेली जाते. कामाला सुरुवात करताना आणि प्रत्येक वेळी खर्रा किंवा तंबाखू खाल्ल्यावर साबणाने हात धुवावेत, साबण व पाण्याची बादली धुऱ्यावर ठेवावी. चुरडलेल्या, पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांच्या पानांची झाडे आधी हेरून ठेवावीत आणि त्यांना सर्वांत शेवटी हात लावावा. लहान असतानाच दिसली तर उपटून बाहेर न्यावीत. २०२० च्या उन्हाळ्यात नारायणगाव, संगमनेर भागांत फळाला एकसारखा रंग न येण्याची तक्रार मोठ्या प्रमाणावर झाली, लोक त्याला तिरंगा म्हणू लागले. तपासणीत इतर विषाणूंबरोबर मावा पसरवीत असलेला काकडी मोझॅक विषाणूही आढळला. अशा वेळी कात्री-हात स्वच्छ ठेवणे पुरेसे नसते, पण ते न करणे परवडतही नाही.

पानावरील बोकड्या हा रोग हाताने पसरत नाही, पांढरी माशी पसरवते, आणि तीच माशी कपाशीवर असते. टोमॅटोच्या तिन्ही बाजूंना कपाशी असेल तर रोपे जाळीखाली वाढवावीत आणि लागवडीच्या आधी प्लॉटभोवती मक्याच्या दोन ओळी लावाव्यात. फळ पोखरणाऱ्या अळीसाठी चाळीस दिवसांचा झेंडू पंचवीस दिवसांच्या टोमॅटो रोपासोबत, टोमॅटोच्या दर सोळा ओळींना एक ओळ याप्रमाणे लावण्याची शिफारस आहे. काढलेली पिले आणि खालची पाने ओळीत टाकून देऊ नयेत. पाने पोखरणारी टुटा ही अळी २०१४ पासून महाराष्ट्रात आहे. पोखरलेली पाने टोपलीत घेऊन बाहेर पुरावीत.

फवारणी आणि पिले काढणे

२०१७ च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि मजूर दगावले. त्या वर्षी कपाशी डोक्याबरोबर वाढली होती आणि फवारा अंगावर, तोंडावर येत होता, याचा उल्लेख तेव्हा वारंवार झाला. तारेवर चढविलेला टोमॅटो नेमका तसाच डोक्याइतका उंच होतो आणि चार फुटांच्या दोन ओळींमध्ये माणूस उभा असतो. म्हणून हा विषय टोमॅटोच्या वळणापासून वेगळा करता येत नाही.

नळी डोक्याच्या वर धरून फवारू नये. वाऱ्याकडे पाठ ठेवावी, नळी स्वतःच्या पुढे न धरता वारा जातो त्या बाजूला धरून ओळीच्या एका अंगाने जावे. झाड दोन खोडांवर मोकळे असल्यामुळे आत भिजण्यासाठी जास्त दाब किंवा जास्त मात्रेची गरजच राहत नाही. तोंडावर मास्क, हातात रबरी मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि भर दुपारची फवारणी टाळावी. दोन-तीन औषधे आपल्या मनाने एकत्र करू नयेत. मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर २००५ मध्येच बंदी आली. कपाशीसाठी आणलेली उरलीसुरली बाटली टोमॅटोवर रिकामी करू नये.

पिले काढण्याचे आणि बांधणीचे काम आपल्याकडे बहुधा बाया करतात, तेही उघड्या हातांनी. फवारणी केलेल्या झाडाला दिवसभर हात लावणे म्हणजे ते औषध कातडीतून घेणे. आठवड्याचा क्रमच असा ठेवावा: आधी पिले काढणे, बांधणी, पिकलेल्या फळांची तोडणी आणि त्यानंतर गरज असेल तर फवारणी. फवारलेल्या ओळीत लेबलवर दिलेला काळ संपेपर्यंत, आणि तसा काळ दिलेला नसेल तर निदान एक पूर्ण दिवस, कोणाला कामाला लावू नये. फवारणी आणि तोडणी यांमधील दिवसही लेबलवर असतात. ते मोजूनच पुढची तोडणी धरावी.

ऊन आणि पाणी

फळ एका पिंपळपानाएवढ्या सावलीतही सुखी राहते, पण ती सावली हवी. उन्हाकडील हिरव्या फळावर पांढरट, कातडीसारखा चट्टा दिसला की पाने जास्त काढली गेली असे समजावे. पहिल्या घोसाची फळे सुपारीएवढी झाली की त्याखालची जमिनीला टेकणारी, पिवळी पाने काढावीत. त्यावरची निरोगी पाने काढू नयेत. जानेवारीच्या शेवटापासून पिले काढणे सैल करावे आणि उन्हाकडील बाजूच्या पिलांचा फक्त शेंडा मारून दोन पाने राखावीत. जानेवारी-फेब्रुवारीत लावलेल्या उन्हाळी टोमॅटोला तर दोन खोडांचे वळण देऊच नये. आधार द्यावा आणि झाड दाट राहू द्यावे.

छाटलेल्या झाडावर फळे कमी आणि मोठी असतात, त्यामुळे पाण्यातील चढउतार त्यांना लवकर जाणवतो. आठ दिवस जमीन भेगाळू दिली आणि मग भरपूर पाणी सोडले की फळे तडकतात; फळाच्या टोकाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो. हा डाग रोगाचा नसून चुन्याचा अंश फळापर्यंत न पोहोचल्याने पडतो, आणि आपल्या काळ्या जमिनीत चुना असूनही पडतो, कारण तो वाहून नेणारे पाणी नियमित नसते. ठिबक असेल तर उत्तम. नसेल तर सरीआड पाणी, पण ठरलेल्या दिवशी. ओळीत सोयाबीनच्या कुटाराचा चार बोटे थर पसरावा. ओल टिकते आणि चिखलही उडत नाही. नत्र जास्त दिले की पिलेच पिले निघतात, फूल गळते. तेव्हा माती तपासूनच मात्रा ठरवावी आणि नत्र हप्त्याहप्त्याने द्यावे.

शेंडा केव्हा मारावा

फूल उमलल्यापासून फळ पिकेपर्यंत सुमारे पंचेचाळीस ते पन्नास दिवस लागतात. तीस-बत्तीस अंशांच्या वर तापमान गेले की फळाला लाल रंग नीट धरत नाही, ते पिवळसर-नारिंगी राहते. आणि दिवस पस्तीस अंशांच्या पुढे, रात्री उबदार झाल्या की फूलच गळते. यवतमाळात मार्चमध्ये ही वेळ येते. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये लावलेल्या पिकावर फेब्रुवारीच्या मध्यानंतर येणारे फूल एप्रिलच्या उन्हात पिकणार, म्हणजे त्याचा पैसा होणे कठीण. म्हणून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही खोडांचे शेंडे, शेवटच्या घोसाच्या वर दोन पाने ठेवून, खुडावेत. झाडाची ताकद खालच्या फळांकडे वळते आणि मार्चअखेर शेत मोकळे होते. पाणी कमी असणाऱ्यांनी हे पंधरा दिवस आधी केले तरी चालेल.

आपल्या शेतात पडताळा

एका प्लॉटमध्ये शेजारी-शेजारी तीन ओळी घ्या. एकीत एक खोड आणि एक फूट अंतर, दुसरीत दोन खोडे आणि दोन फूट, तिसरीत आधार आहे पण एकही फूट काढलेली नाही. तिन्ही ओळींची लांबी, खत आणि पाणी सारखे ठेवा. प्रत्येक तोड्याला ओळीनुसार चांगला माल, लहान माल आणि फेकलेला माल वेगवेगळा तोलून वहीत लिहा. त्याच पानावर पिले काढायला आणि बांधणीला किती बायांचे किती तास लागले तेही लिहा, कारण या पद्धतीचा खर्च तारेत जितका आहे तितकाच या तासांत आहे, आणि घरची मजुरी हिशेबात धरायची राहून जाते. चौथ्या-पाचव्या तोड्यापर्यंत कोणती ओळ आपल्या बाजारासाठी चांगली, हे आकड्यांवरून दिसू लागेल.

हंगाम संपल्यावर सुतळ्या कापून झाडांसह बाहेर काढाव्यात आणि जाळाव्यात. त्यावर करप्याचे बीजाणू राहतात. तार मात्र ओळीनिहाय गुंडाळी करून, गंज घासून, सावलीत टांगावी. बांबूंची बुडे धुऊन, उन्हात वाळवून, जमिनीपासून उंच मांडणीवर ठेवावीत. त्याच जागी लगेच वांगी, मिरची किंवा पुन्हा टोमॅटो घेऊ नये. तार तशीच ठेवून उन्हाळ्यात त्यावर कारली किंवा दोडका चढविता येतो.